पलंगपोस कुणाचा?



आज एका कादंबरीविषयी बोलायचं आहे. हेलन बारोलिनी या इटालियन वंशाच्या अमेरिकन लेखिकेची ‘उंबर्तिना’. १९७९ साली ती इंग्रजीत आली आणि १९९९ साली न्यूयॉर्कच्या फेमिनिस्ट प्रेसने पुन्हा छापली.

१८८० ते १९२० या काळात चाळीस लाखांहून अधिक इटालियन माणसं अमेरिकेत गेली. बहुतेक जण गरीब दक्षिणेतले. उंबर्तिनाही तिथलीच, कालाब्रियाच्या डोंगरात शेळ्या राखणारी पोर. कोळसा पाडणाऱ्या जोझुएवर तिचा जीव. तो तिला पत्र्याचं बदाम देतो. पण बाप तिचं लग्न वयाने बऱ्याच मोठ्या सेराफिनोशी ठरवतो. तिला काय हवंय हे कुणी विचारतच नाही.

लग्नासाठी गावातल्या विणकर बाईने विणलेला सुंदर पलंगपोस घेऊन ती न्यूयॉर्कला येते. तिथल्या हलाखीत तो तिला विकावा लागतो. पुढे ती मजुरांना खाणं करून विकते, दुकान काढते, धंदा वाढवते. अक्कल तिची, कष्ट तिचे. पण धंदा चालतो नवऱ्याच्या आणि मुलग्यांच्या नावाने.

नात मार्गरीत स्वतःच्या पसंतीने लग्न करते, तरीही कवी नवऱ्याच्या सावलीत घुसमटते. म्हणजे नवरा निवडता आला की प्रश्न सुटला, असं लेखिका म्हणत नाही. पणती टीना एकदा संग्रहालयात जाते. तिथे एक पलंगपोस तिला फार आवडतो. तो आपल्याच पणजीचा, हे तिला ठाऊक नसतं. कारण खालच्या पाटीवर नाव आहे ते तो विकत घेणाऱ्या बाईचं. विणणारीचं नाही, उंबर्तिनाचंही नाही.

कुणी म्हणेल, ही कादंबरीतली गोष्ट झाली. मग खरी ऐका. २५ मार्च १९११ रोजी न्यूयॉर्कच्या ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्याला आग लागली. एका जिन्याचं दार कुलूपबंद होतं. १४६ कामगार मेले. त्यात बहुसंख्य इटालियन आणि ज्यू स्थलांतरित मुली आणि बायका होत्या. त्यांतल्या शेवटच्या सहा जणांची ओळख पटायला २०११ साल उजाडावं लागलं. शंभर वर्षं ते सहा जण बिननावाचे राहिले.

‘बाई घर सांभाळते, पुरुष कमावतो’ हे वाक्य अशाच कोऱ्या पाट्यांवर टिकून राहतं. कामावर नाव नाही म्हणून मिळकतीत वाटा नाही, आणि वाटा नाही म्हणून निवड करण्याची ताकद नाही. प्रेमाचा हक्क आणि कष्टाचा हक्क मला म्हणूनच वेगळे काढता येत नाहीत.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीने एक काम करावं. आपल्या आजीचं किंवा पणजीचं माहेरचं नाव शोधावं, तिने हातांनी केलेलं एक काम विचारून घ्यावं आणि दोन्ही कागदावर लिहून आणावं. ज्यांना नाव सापडणार नाही, त्यांनी कागद कोरा आणावा. त्यावरही आपण बोलू.