वैऱ्यापासून घेतलेली विद्या
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात झालेले व्याख्यान)



मंडळाने आज चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, हा आम्ही आमचा बहुमान समजतो. आमचे शिक्षण जुन्या अकरावीच्या मॅट्रिकपाशी थांबले आणि पुढील हयात कोकण किनाऱ्यावरील शाळांतून मुले शिकविण्यात गेली. तेव्हा आपण विद्वत्तेची अपेक्षा धरू नये. जलचर प्राण्यांपासून माणसाने कोणती विद्या घेतली, हा आजचा विषय आहे. सुतारांच्या मेळाव्यात जलचरांचे काय काम, असे कोणाच्या मनात आले असेल, तर त्यांनी थोडा धीर धरावा.

समुद्रात आपल्या धंद्याचा सर्वांत मोठा वैरी कोण, हे होड्या बांधणाऱ्या घराण्यांना सांगावयास नको. खाऱ्या पाण्यात राहून लाकूड पोखरणारी कीड! आपण तिला कीड म्हणतो. परंतु शास्त्राच्या दृष्टीने ती शिंपल्यांच्या कुळातली आहे. तिच्या तोंडाकडील टोकाला शिंपल्याची दोन लहान शकले असतात व त्यांवर कानशीसारखे दाते असतात. ती शकले हलवून ती लाकूड किसते आणि पुढे सरकते. अगदी लहानपणी ती बारीकशा छिद्रातून आत शिरते आणि आतच वाढते. त्यामुळे फळी बाहेरून धडधाकट दिसते व आतून तिची चाळण झालेली असते. आपले पूर्वज होडीच्या तळाला चुना, तेल, डांबर लावीत, ते याच वैऱ्याच्या धाकाने.

आता या वैऱ्याची दुसरी बाजू पाहा. मार्क ब्रुनेल नावाचा फ्रान्समध्ये जन्मलेला एक इंजिनियर इंग्लंडात स्थायिक झाला होता. जहाजाच्या अशाच पोखरलेल्या लाकडाचा तुकडा त्याच्या हाती आला, असे सांगतात. दुसरा कोणी असता तर ते लाकूड चुलीत घालता. ब्रुनेलने मात्र किडीची काम करण्याची रीत पाहिली. ती आपले मऊ अंग कठीण शकलांच्या आड ठेवते, थोडेथोडे किसते आणि मागे राहिलेल्या बोगद्याला आतून चुन्याचा गिलावा करीत जाते.

या रीतीवरून त्याने १८१८ साली बोगदा खणण्याच्या लोखंडी ढालीचे पेटंट घेतले आणि १८२५ साली लंडनच्या थेम्स नदीखालून बोगदा खणावयास आरंभ केला. त्या ढालीत ३६ खण होते व प्रत्येक खणात एक कामगार. समोरची एक फळी काढावयाची, काही इंच माती खणावयाची, फळी पुन्हा पुढे दाबून बसवावयाची. सर्वांचे झाले की स्क्रूच्या जोराने ढाल पुढे ढकलावयाची आणि मागे गवंड्यांनी तत्काळ विटांचे बांधकाम करावयाचे. किडीची शकले म्हणजे ती ढाल, आणि किडीचा गिलावा म्हणजे ते विटांचे अस्तर!

काम सुखासुखी झाले नाही. १८२७ साली नदी आत घुसली. १८२८ साली पुन्हा पाणी फुटले व सहा माणसे प्राणास मुकली. त्यानंतर सात वर्षे काम बंद पडले. तरी १८४३ साली तो सुमारे १,३०० फूट लांबीचा बोगदा लोकांसाठी खुला झाला आणि आजही त्यातून आगगाड्या धावतात. पुढे ढाल गोल झाली, तिला यंत्रबळ मिळाले. मुंबईच्या भुयारी मेट्रोचा पहिला टप्पा २०२४ साली सुरू झाला. तिचे बोगदे मिठी नदीच्या खालूनही गेले आहेत. ते खणणारी अजस्र यंत्रे पुढे माती कापीत आणि मागे काँक्रीटची कडी बसवीत गेली. ही त्याच ढालीची वंशज होत.

दुसरा दाखला आपल्या रोजच्या कामातला. कोकणात खडकांना चिकटलेली शिनाणी आपण सर्वांनी पाहिली आहेत. भरतीच्या लाटा रात्रंदिवस आदळतात, तरी ती खडक सोडीत नाहीत. ओल्या लाकडावर आपला सरस धरत नाही, मग पाण्यातल्या खडकावर यांचा सरस कसा धरतो? शिनाण्याच्या पायातून निघणाऱ्या बारीक तंतूंत एक विशिष्ट प्रथिन असते, त्याची ही करामत. अमेरिकेतील ओरेगन राज्याच्या विद्यापीठात कैचांग ली या लाकूडशास्त्रज्ञाने समुद्रकिनारी शिनाणी पाहिली व त्यांचा गुण मनात धरून सोयाबीनच्या पिठापासून प्लायवुडचा सरस तयार केला. प्लायवुडच्या नेहमीच्या सरसात फॉर्मल्डिहाइड असते आणि ते कर्करोगास कारण होते, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने २००४ साली दिला. प्लायवुड कापताना डोळे चुरचुरतात, हे आपल्या तरुणांना ठाऊक आहे. तेव्हा हा दाखला आपल्या आरोग्याचाही आहे.

परंतु प्रेरणा घेणे निराळे आणि नक्कल करणे निराळे. २००५ साली मर्सिडीज-बेंझ कंपनीने पेटीसारख्या चौकोनी अंगाच्या एका माशावरून मोटारीचा नमुना तयार केला. हा मासा पाणी सहज कापतो आणि त्याचा आकार त्याला स्थिर ठेवतो, अशी तेव्हा समजूत होती. मोटार वारा उत्तम कापणारी निघाली. पण २०१५ साली संशोधकांनी त्या माशाच्या आकाराची नीट परीक्षा केली, तेव्हा तो आकार पाणी कापण्यात फारसा सरस ठरला नाही. उलट तो माशाला अस्थिर करतो, असे दिसले. ते अस्थैर्यच माशाच्या उपयोगाचे, कारण त्याला प्रवाळांच्या कपारींतून झटकन वळावयाचे असते! यातला बोध असा की, नुसता आकार पाहून भागत नाही. तो आकार कशासाठी, हे विचारावे लागते. ब्रुनेलने किडीचे रूप उचलले नाही, तिची युक्ती उचलली.

आता एक कबुली देतो आणि भाषण आवरते घेतो. सुमारे ४० वर्षांपूर्वी आमच्या वर्गातील, आपल्याच ज्ञातीचा एक मुलगा मोडक्या होडीच्या फळीचा तुकडा घेऊन शाळेत आला. तो म्हणाला, "गुरुजी, पाण्यात लाकूड फुगतं, मग किडीचं भोक बुजत कसं नाही?" आम्हांस उत्तर ठाऊक नव्हते. ते सरळ सांगावयाचे सोडून आम्ही म्हणालो, "हे परीक्षेला येत नाही. ते कुजकं लाकूड बाहेर फेक." वर्ग हसला. त्याने फळी बाहेर टाकली व पुढे कधी प्रश्न विचारला नाही. सातवीनंतर त्याने शाळा सोडली.

निवृत्तीनंतर ब्रुनेलची हकीगत आमच्या वाचनात आली, तेव्हा प्रथम त्या मुलाचा चेहरा डोळ्यांपुढे उभा राहिला. आम्ही त्याच्या कारखान्यात गेलो. हात जोडून उत्तर सांगू लागलो, तर तो हसून म्हणाला, "गुरुजी, मी त्याच संध्याकाळी ती फळी चिरून पाहिली होती. आत पांढरा गिलावा होता." म्हणजे ज्या गोष्टीने ब्रुनेलची कीर्ती झाली, ती आमच्या एका विद्यार्थ्याने बाराव्या वर्षी पटाशीने शोधून काढली होती, आणि ती सांगावी असा गुरू मात्र त्याला मिळाला नव्हता. ती चूक सर्वस्वी आमची होती.

म्हणून मंडळास एक नम्र विनंती आहे. परीक्षेतील गुणांसाठी आपण दरवर्षी बक्षिसे देतो, ती चालू राहावीत. त्यांच्या जोडीला आणखी एक बक्षीस असावे. ज्ञातीतील जे मूल एखादा जीव, एखादे लाकूड, एखादे पान स्वतःच्या डोळ्यांनी पाहून, प्रश्न विचारून, आपल्या वहीत चित्रासह लिहून आणील, त्याला ते मिळावे. त्यासाठी आमच्या निवृत्तिवेतनातून ५,००१ रुपये आम्ही आज चिटणिसांच्या स्वाधीन करीत आहोत. आईबापांनाही हात जोडून सांगणे आहे. मुलाने उद्या कुजके लाकूड घरात आणले, तर ते फेकावयास सांगण्यापूर्वी त्याच्याजवळ घटकाभर बसा. उत्तर ठाऊक नसेल तर "चल, चिरून पाहू" असे म्हणा. हत्यारे आपल्या घरी पिढ्यान्‌पिढ्या आहेतच.