मागल्या ॲक्सलची घरघर

मोटारगाडी आपल्या दुखण्याची सूचना बहुधा आवाजानें देते. अखंड मागल्या ॲक्सलची एसयूव्ही वेगाबरोबर वाढणारी घरघर करूं लागली, कीं प्रथम संशय टायरांवर जातो. परंतु रस्त्याचा पृष्ठभाग बदलतांच टायरांचा आवाज पालटतो. झिजलेल्या बेअरिंगचा सहसा पालटत नाहीं. उजवीकडे वळतांना भार डाव्या चाकावर येतो; त्या वेळीं घरघर वाढल्यास दोष बहुधा डावीकडे समजावा.

खात्रीसाठीं पुढील चाकांखालीं ठोकळे लावावे, मागील भाग जॅकनें उचलून भक्कम स्टँडवर टेकवावा आणि चाक हातानें हलवून व फिरवून पाहावें. ढिलाई किंवा खरखर हातास कळते.

अनेक गाड्यांत बेअरिंग ॲक्सलच्या दांड्यावर दाबून बसविलेलें असतें व त्यास एक पोलादी कडें अडवून धरतें. तें सुटल्यास चाकासह दांडाच बाहेर येण्याचें भय असतें. म्हणून जुनें कडें पुन्हा वापरूं नये. नवें बेअरिंग व कडें दाबयंत्रानेंच बसवावें, हातोड्यानें ठोकूं नये. ऑइल सीलहि नवें घालावें. कारण गळालेलें तेल ब्रेकच्या लायनरवर गेल्यास ब्रेकची पकड जाते.

दुरुस्ती कारागिराची खरी. परंतु घरघर वेळींच ऐकण्याचें काम मालकाचें आहे.