औषधाची खरी जागा

अफूंतील मॉर्फिन अत्यल्प मात्रेंत वेदना शमवितें, त्या अर्थीं मेंदूच्या पेशींवर त्याच्या नेमक्या जागा असल्या पाहिजेत. पेशींतील अशा ग्राहक द्रव्याची कल्पना, निराळ्या औषधांसंबंधानें कां होईना, केंब्रिजचे लँग्ली यांनीं १९०५ सालींच मांडली होती. मॉर्फिनची जागा मोजून दाखविण्यास मात्र त्यानंतर ६८ वर्षें लागलीं.

युक्ति वरकरणी सोपी दिसते. औषधाच्या रेणूंत ट्रिटियम हा किरणोत्सर्गी हायड्रोजन बसवावा, मेंदूच्या लगद्यांत तें मिसळावें आणि किती चिकटलें तें मोजावें. पण औषध काय, कोठेंही चिकटतें; चरबीला, प्रथिनांना, कांचेच्या नळीलासुद्धां! यांतून खरें चिकटणें ओळखावें कसें?

स्टॅनफर्डच्या गोल्डस्टाइन यांनीं १९७१ सालीं मोठी मार्मिक कसोटी लावली. लेव्हॉर्फॅनॉल व डेक्स्ट्रॉर्फन हीं डाव्या-उजव्या हातांसारखीं जुळीं द्रव्यें. पहिलें प्रभावी वेदनाशामक, दुसरें त्या कामीं निरुपयोगी. तेव्हां खऱ्या जागेवरून खुणेचें औषध पहिल्यानेंच हुसकावलें पाहिजे. कसोटी बिनतोड, परंतु तिला उतरणारा अंश एकूण चिकटलेल्या औषधाच्या शेंकडा २ च्या आसपास भरला.

१९७३ सालीं बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठांत कँडेस पर्ट व सॉलोमन स्नायडर यांनीं नॅलोक्सोन घेतलें. त्याचा किरणोत्सर्ग इतका तीव्र होता कीं, अगदीं विरळ द्रावणहि पुरे होई. आणि विरळ द्रावणांत घट्ट पकडणाऱ्या जागांचा वांटा आपोआप वाढतो. मग कांचतंतूंच्या गाळणीवर लगदा ओतून पंपानें द्राव ओढून घ्यावयाचा व थंड द्रावणानें झटपट धुवावयाचा. सारें कौशल्य या धुण्यांत आहे. कमी धुतलें तर भलतें औषध मागें राहतें. रेंगाळलें तर खरेंहि सुटून जातें. थंडीमुळें तें सुटणें मंदावतें, म्हणून बर्फाची एवढी मातबरी. लेव्हॉर्फॅनॉलनें नॅलोक्सोन हुसकावलें. डेक्स्ट्रॉर्फनला तें जवळजवळ साधलें नाहीं. त्याच वर्षीं न्यूयॉर्कला सायमन व उप्सालास तेरेनियस यांनींहि स्वतंत्रपणें ह्या जागा दाखविल्या.

तथापि चिकटणें म्हणजे गुण येणें नव्हे. नॅलोक्सोन ती जागा घट्ट धरतें, पण वेदना शमवीत नाहीं. उलट मॉर्फिनला तेथून हटवितें, आणि अफूजन्य औषधांच्या अतिमात्रेनें श्वास मंदावलेला रोगी त्यामुळें वांचतो. गाळणीला हा भेद कोठून कळावा? त्याच वर्षीं पर्ट, पास्टरनाक व स्नायडर यांना आढळलें कीं, नळींत सोडियम घातल्यास नॅलोक्सोनसारख्या विरोधी द्रव्यांचें चिकटणें वाढतें, मॉर्फिनसारख्यांचें घटतें. साध्या मिठांतल्या सोडियमनें तो भेद गाळणीवर उमटविला.