दुधाचे दात : जागेचे राखणदार



‘दुधाचे दात पडावयाचेच आहेत, मग त्यांची एवढी काळजी कशाला?’ हे वाक्य आपण अनेक घरांतून ऐकतो. या समजुतीची किंमत मुलांना पुढे आयुष्यभर मोजावी लागते. ती कशी, हे आज थोडक्यात पाहू.

दुधाचे दात एकंदर वीस. प्रत्येक जबड्यात दहा. त्यांच्या मुळांशी, जबड्याच्या हाडात, कायमचे दात तयार होत असतात. कायमचा दात वर सरकू लागला, की दुधाच्या दाताचे मूळ हळूहळू झिजून नाहीसे होते आणि आधार सुटलेला दात गळून पडतो. तोपर्यंत तो अन्न चावण्याचे काम करतोच, शिवाय आपल्या वारसासाठी जागाही राखून ठेवतो.

सहाव्या वर्षाच्या सुमारास पहिली कायमची दाढ येते. ती कोणत्याही दाताच्या जागी येत नाही, तर दुधाच्या शेवटच्या दाढेमागे उगवते. कोणताही दात पडलेला नसल्यामुळे पालक तिला दुधाचीच समजतात आणि ती किडली तरी दुर्लक्ष करतात. वस्तुतः वरच्या व खालच्या दातांची जुळणी मुख्यतः हिच्यावर अवलंबून असते. अमेरिकन दंतवैद्य एडवर्ड अँगल यांनी १८९९ साली सदोष जुळणीचे वर्गीकरण केले, तेही याच दाढांच्या परस्परस्थितीवरून.

निसर्गाने येथे एक सोय करून ठेवली आहे. दुधाचा सुळा व दोन दाढा यांची एकत्रित रुंदी, त्यांच्या जागी येणाऱ्या सुळा व दोन उपदाढा यांच्यापेक्षा किंचित अधिक असते. खालच्या जबड्यात प्रत्येक बाजूस हा फरक सरासरी १.७ मिलिमीटर, तर वरच्या जबड्यात सुमारे ०.९ मिलिमीटर असतो. एवढ्याशा जागेत कायमच्या दाढा पुढे सरकतात व एकमेकींत नीट बसतात. परंतु किडलेली दुधाची दाढ अकाली काढली, तर मागची दाढ त्या पोकळीत झुकते आणि उपदाढेला वाट उरत नाही. ती वेडीवाकडी येते किंवा हाडातच अडकते. दाढ काढणे अटळच असेल, तर जागा राखणारे तारेचे साधन बसवून घेता येते.

याउलट, काही वेळा धीर धरणेच इष्ट असते. आठव्या-नवव्या वर्षी वरच्या पुढच्या दातांत फट दिसते व ते बाजूला फाकतात. हाडातील सुळे त्यांच्या मुळांवर दाब देत असतात. अकराव्या-बाराव्या वर्षी सुळे खाली उतरले, की ही फट बहुधा आपोआप मिटते. मात्र ती तशीच राहिली, तर दंतवैद्याचा सल्ला घ्यावा.

तेव्हा मूल सहा-सात वर्षांचे झाले, की त्याच्या तोंडात डोकावून पाहा. मध्यापासून मागे दात मोजीत जा. पाच दुधाच्या दातांमागे सहावी दाढ दिसली, तर ती कायमची आहे. ती गेली, तर तिच्या जागी दुसरी येणार नाही.