मोडशी, मरीआई आणि आपण

(संस्थेच्या मेळाव्यात दिलेले भाषण)



आम्ही बँकेत कारकुनी करणारे, शिक्षण कला शाखेचे. वैद्यक शिकवण्याचा आमचा अधिकार नाही. परंतु रोगाविषयीची माणसाची समज कुठे बदलली आणि कुठे तशीच राहिली, हा इतिहासाचा विषय आहे. तेवढ्यापुरते चार शब्द मांडतो.

युरोपातील प्रबोधनकाळ म्हटला की आपल्याला इटली आठवते. १५४३ साली व्हेसेलियसचा मानवी शरीररचनेवरील ग्रंथ निघाला. तेराशे वर्षे प्रमाण मानल्या गेलेल्या गॅलेनच्या चुका त्याने प्रेतांची चिरफाड करून दाखवून दिल्या. १५४६ साली फ्राकास्टोरोने मांडले की, रोगाची बीजे असतात आणि ती एकाकडून दुसऱ्याकडे जातात. या प्रबोधनाचे एक पाऊल आपल्या मुलखातही पडले होते, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही.

गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ साली गोव्यात आला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशाहाकडे तो वैद्य म्हणून जात असे. आपल्या मराठवाड्याचा बराच भाग तेव्हा याच निजामशाहीत होता. हिंदुस्थानातील औषधींवरील त्याचा ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला. स्पेनमध्ये असतो तर गॅलेनविरुद्ध बोलायला धजलो नसतो, अशा आशयाचे तो त्यात लिहितो. पोथीपेक्षा डोळ्यांनी पाहिलेले खरे, ही त्याची भूमिका.

या ग्रंथात पटकीचे, म्हणजे कॉलऱ्याचे वर्णन आहे. मंद नाडी, थंड घाम, तहान, पायांत गोळे आणि एका दिवसात मृत्यू. आपला ‘मोडशी’ हा शब्द पोर्तुगिजांनी उचलला. पुढे फ्रेंचांच्या तोंडी त्याचा अर्थ ‘कुत्र्याचे मरण’ असा झाला! पण कारण सांगताना ओर्ता जुन्याच वाटेने गेला. अति खाणे आणि बिघडलेले पित्त. डोळे नवे, स्पष्टीकरण मात्र जुने.

इथले वैद्य काय करीत, हेही त्याने नोंदवले आहे. ते रोग्याला मिरे-जिरे घातलेली तांदळाची कांजी पाजत आणि त्याचे पाय डागत. मित्रहो, या दोन गोष्टी नीट लक्षात घ्या. १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांत कॉलरा पसरला. तेव्हा बनगाव येथे डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी पाजण्याचा उपाय मोठ्या प्रमाणावर केला आणि मृत्यूचे प्रमाण सुमारे तीस टक्क्यांवरून चार टक्क्यांच्या खाली आले. शरीरातून गेलेले पाणी आणि क्षार भरून काढणे, हेच त्यातले मर्म. पुढे तांदळाच्या पिठाचेही असे पाणी उपयोगी ठरले. म्हणजे कांजीत तथ्य होते. डागण्यात काहीच नव्हते. तरीही मेळघाटात तान्ह्या बाळांची पोटे डागल्याच्या बातम्या आपण आजही वाचतो. जुने म्हणून सगळे फेकू नये आणि जुने म्हणून सगळे जपूही नये. पारखून घ्यावे.

आता आपल्या गावाकडे वळू. पटकी आली की मरीआई कोपली असे म्हणत. तिचा गाडा वाजतगाजत गावाच्या शिवेबाहेर नेत. म्हणजे रोग शेजारच्या गावाच्या अंगावर घालत. ही कामे कोणाच्या वाट्याला येत, हे आपल्या वाडवडिलांना विचारा. १८५४ साली लंडनमध्ये जॉन स्नो याने दाखवले की, कॉलरा दूषित पाण्यातून पसरतो. १८८४ साली रॉबर्ट कॉकने कलकत्त्यात त्याचे जंतू पाहिले. देवीचा कोप नाही, पाण्याचा दोष, हे सिद्ध झाले. पण ज्यांना गावच्या विहिरीवर चढू दिले जात नव्हते, त्यांनी शुद्ध पाणी कोठून आणायचे? २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्याले, तो मानवी हक्काचा लढा होता. आम्हाला वाटते, तो आरोग्याचाही लढा होता. १९५६ नंतर आपल्यापैकी अनेकांनी मरीआई सोडली. कोप मानणे सोडले, म्हणून रोगाचे खरे कारण शोधण्याची वाट मोकळी झाली.

परंतु वाट मोकळी झाली म्हणजे आपण ती चाललो असे नव्हे. काविळीला गळ्यात माळ, साप चावला की मांत्रिक, क्षयरोग झाला की लपवाछपवी, कोडाच्या डागावरून मोडलेली सोयरीक, हे आपल्याही घरांत आहे. देवी गेली, पण रोग्याला दोष देण्याची सवय राहिली. ओर्तासारखेच आपलेही डोळे नवे आणि मन जुने, असे होऊ नये.

आपला जालना जिल्हा पाणीटंचाईचा. उन्हाळ्यात टँकरवर दिवस काढावे लागतात. म्हणून प्रत्येक वस्तीतल्या तरुणांनी एवढे करावे. विहिरीत आणि टाकीत औषध पडते की नाही ते पाहावे. मीठ-साखरेचे पाणी कसे करावे हे घरोघरी आया-बहिणींना दाखवावे. जुलाब-उलट्या थांबेनात तर वाट न पाहता दवाखाना गाठावा. तथागतांनी आजारी भिक्खूला स्वतःच्या हाताने स्वच्छ केले, त्याला दोष दिला नाही. जुन्यातले जपायचे ते हेच.



जयभीम! नमो बुद्धाय!