पारा उतरण्यापूर्वी

अमेरिकेच्या वायोमिंग राज्यातील शायेन येथे २१ डिसेंबर २०२२ रोजी अवघ्या अर्ध्या तासात पारा ६ अंश सेल्सिअसवरून उणे १६ वर आला. तेथील हवामानाच्या छांदिष्टांना हे संकट नकाशावर काही दिवस आधीच दिसत होते. उत्तर ध्रुवाकडील जड हवा रॉकी पर्वताच्या पूर्वेकडील मैदानांवरून दक्षिणेस घसरते व उबदार हवेखाली पाचरीसारखी शिरते. वारा एकाएकी उत्तरेचा होतो. उतरत आलेला वायुभार चढू लागतो. हा क्षण टिपण्यासाठी ही मंडळी तापमापकापाशी खोळंबून बसतात. खूळच म्हणावयाचे! परंतु १९९७ साली फोर्ट कॉलिन्सला पूर आला आणि पुढच्याच वर्षी अशा हौशी निरीक्षकांची संघटना कोलोरॅडोत उभी राहिली. रोज सकाळी फळीवर साचलेले हिम पट्टीने मोजावयाचे, मग ते वितळवून त्यातील पाणी मोजावयाचे, हा त्यांचा हिवाळ्यातील नेम.

तेच वादळ २३ डिसेंबरला ईरी सरोवराकाठच्या बफेलो नगरीवर कोसळले. इशारा आधीच मिळालेला होता. तरीही त्या परिसरात चाळीसहून अधिक माणसे दगावली. कोणी मोटारीत अडकून, कोणी रस्त्यावर, कोणी तर स्वतःच्या घरात. मदतीस निघालेल्या रुग्णवाहिकाही हिमात रुतून पडल्या होत्या.