मुलांचे व्हिडिओ गेम आणि आपली चिंता
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



मुलांना व्हिडिओ गेमचा जो नाद लागला आहे, त्याची वडीलधाऱ्यांनी काळजी करावी काय, असा विषय मंडळाने आम्हास दिला आहे. पत्रिकेवर ‘नाद’ हा शब्द छापल्यामुळे निकाल आधीच लागला, असे कोणास वाटेल. परंतु नाद गाण्याचाही असतो.

मूल खेळावयाचेच. आमच्या वडिलांच्या पिढीस नाटककादंबऱ्यांची धास्ती वाटे. आमच्या वेळी ती सिनेमाकडे गेली. १९८४ साली मॉस्कोत अलेक्सी पाजित्नोव्ह यांनी ‘टेट्रिस’ रचला. वरून पडणाऱ्या आकृत्या फिरवून ओळ भरावयाची, एवढाच तो खेळ. पण त्यास बुद्धी लागत नाही, असे कोण म्हणेल? ‘माइनक्राफ्ट’मध्ये ठोकळ्यांवर ठोकळे रचून घरे बांधतात. भूमितीच्या तासाला जांभया देणारा विद्यार्थी, भिंतीस किती ठोकळे लागतील याचा हिशेब आपण होऊन करीत बसलेला आम्ही पाहिला आहे. तोच गुणाकार फळ्यावर आला असता, तर त्यास तत्काळ तहान लागली असती!

मग चिंतेचे कारणच नाही काय? आहे, पण ते खेळापेक्षा खेळाच्या धंद्यात अधिक आहे. विटीदांडूचा डाव अंधार पडला की मोडे. फोनवरील पुष्कळ खेळांस शेवटच ठेवलेला नसतो. रोज हजेरी लावल्यास बक्षीस, न लावल्यास सोबती पुढे जाण्याची भीती. त्यातच ‘लूट बॉक्स’ निघाली आहे. आत काय आहे ते न दाखविता पेटी विकावयाची. पैसे आधी द्यावयाचे आणि नशिबी येईल ते घ्यावयाचे. आपल्याकडे यास जुगार म्हणतात. बेल्जियमनेही २०१८ साली तोच निर्णय देऊन अशा पेट्या बेकायदा ठरविल्या. आपल्या संसदेने २०२५ च्या ऑगस्टमध्ये पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांविरुद्ध कायदा केला. तथापि, ज्या फोनला वडिलांचे बँकखाते जोडलेले आहे तोच फोन गुप्त क्रमांकासह मुलाच्या हाती देणारे घर कायद्याने कसे आवरावे?

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली मान्य केलेल्या व २०२२ पासून लागू झालेल्या रोगसूचीत खेळाच्या विकारास स्थान आहे. परंतु त्याची लक्षणे नीट वाचावीत. खेळावरील ताबा सुटणे, इतर सर्व गोष्टी मागे पडणे, नुकसान दिसत असूनही खेळ चालूच राहणे, आणि हे सारे सामान्यतः वर्षभर. दिवाळीच्या सुटीत चार दिवस खेळला म्हणून पोरास व्यसनी ठरविणाऱ्या मातापित्यांनी हे ध्यानात घ्यावे. उलट, ज्याची झोप गेली, मित्र तुटले, जेवणाचे भान राहिले नाही, त्यास मारझोड न करता डॉक्टरांकडे न्यावे. लोक काय म्हणतील, ही शंका मध्ये आणू नये.

बाकीच्यांसाठी आमचे सांगणे थोडके आहे. मुलाजवळ बसून तो काय खेळतो ते विचारावे. मुले ते मोठ्या उत्साहाने शिकवितात. पैसे खर्चण्याची किल्ली आपल्याच हाती ठेवावी. आणि रात्री फोन बिछान्यात जाऊ देऊ नये. आमच्या घरी नऊनंतर सर्व फोन स्वयंपाकघरातील फडताळात जातात. नातवाने त्यास एकच अट घातली, की आजोबांचाही फोन त्यात पाहिजे. ती आम्हास मान्य करावी लागली.